पाठ आणि कणा : मराठीतील एका धैर्यप्रतीकाचा इतिहास

१. प्रश्न आणि शब्द

'ताठ कण्याचा माणूस' हे वर्णन आज मराठीत निःसंशय स्तुतीचे मानले जाते. सत्तेपुढे न नमणारा अधिकारी, दडपणाला न जुमानणारा संपादक, निवृत्तीच्या दिवशी गौरविला जाणारा शिक्षक या सर्वांना ते सारख्याच सहजतेने लावले जाते. उलट 'कणा नसलेला' असे म्हटले की त्याहून अधिक दूषण देण्याची गरज उरत नाही. हे प्रयोग इतके रुळले आहेत की ते मराठीच्या अगदी जुन्या संचितातील असावेत, असा समज सहज होतो. पाठीच्या हाडास धैर्याचे प्रतीक मानण्याची ही रीत मराठीत कोणत्या मार्गाने आली, तिच्यापूर्वी धैर्याचे स्थान शरीरात कोठे कल्पिले जात होते, आणि या प्रतीकाच्या तेजात प्रत्यक्ष पाठीची वेदना कितपत दिसते, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. विवेचनासाठी कोल्हापूर व त्याचा परिसर मुख्यतः डोळ्यांसमोर ठेवला आहे. पावनखिंड, तालमी आणि उसाची शेती या तिन्ही ठिकाणी पाठ हा केवळ अलंकार नसून व्यवहाराचा शब्द आहे, हे त्याचे कारण होय.

प्रथम शब्दांची ओळख करून घेणे अगत्याचे आहे. स्त्रीलिंगी 'पाठ' हा संस्कृत 'पृष्ठ' शब्दापासून प्राकृत 'पट्ठ' या रूपाच्या द्वारे आलेला आहे. त्याच मुळापासून, 'पिट्ठ' या दुसऱ्या प्राकृत रूपाच्या वाटेने, हिंदीतील 'पीठ' आला. पुल्लिंगी 'पाठ', म्हणजे धडा, हा 'पठ्' धातूपासून झालेला संस्कृत शब्द असून त्याचा शरीराशी संबंध नाही. 'पाठवणे' हे क्रियापदही 'प्रस्थापयति' या रूपापासून आलेले आहे. केवळ ध्वनिसाम्यावरून ते पाठीशी जोडणे चुकीचे ठरेल. ही तीन कुळे वेगळी केल्यावर 'पृष्ठ'पासून निघालेल्या शब्दांचा जो परिवार उरतो तो मोठा मार्मिक आहे: पाठीमागे, पाठोपाठ, पाठलाग, पाठपुरावा, पाठबळ, पाठराखण, पाठीराखा, पाठराखीण, पाठमोरा, पाठचा भाऊ, पाठची बहीण. ज्ञानेश्वरकालीन मराठीत 'पाठीं' हा शब्द 'मागे' आणि 'नंतर' अशा दोन्ही अर्थी अव्ययासारखा वापरला जात असे. म्हणजे पाठ हा अवयव मराठीत फार पूर्वीच दिशा, काळ आणि नाते यांचा वाचक झाला होता. पाठीमागून जन्माला येणारे भावंड 'पाठचे', सासरी जाणाऱ्या वधूची सोबतीण 'पाठराखीण', आणि संकटात उभा राहणारा 'पाठीराखा'. या शब्दांत पाठ एकट्याची नाही. तिच्यामागे नेहमी दुसरे कोणीतरी आहे.

'कणा' या शब्दाची प्रकृती वेगळी आहे. तो पाठीच्या आतील हाडाचा वाचक असून त्याचा परिवार लहान आहे. त्या हाडाच्या एका सांध्याला सामान्य बोलीत 'मणका' म्हणतात. या शब्दाचे 'मणी'शी असलेले नाते उघड आहे. माळेत ओवलेल्या मण्यांचे चित्र त्यामागे आहे. शास्त्रीय संस्कृतात 'पृष्ठवंश' हा शब्द येतो. 'वंश' म्हणजे बांबू किंवा वेळू. पेरापेरांनी वाढणाऱ्या वेळूचे आणि मणक्यामणक्यांनी बनलेल्या कण्याचे साम्य त्यात पकडले आहे. हाच 'वंश' शब्द कुळाच्या परंपरेलाही लागला. हठयोगाच्या परंपरेने या हाडाला 'मेरुदंड' असे नाव देऊन त्याला विश्वाच्या मध्यभागी असलेल्या मेरुपर्वताची प्रतिष्ठा दिली.

२. मेरुदंड : उभेपणाची योगपरंपरा

मराठी वाङ्मयात कण्याच्या उभेपणाचा सर्वांत जुना व सविस्तर विचार योगाच्या संदर्भात आढळतो. इ. स. १२९० मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात आसन, बंध आणि कुंडलिनीचे ऊर्ध्वगमन यांचे दीर्घ वर्णन आहे. ज्ञानेश्वरांनी या मार्गाला 'पंथराज' म्हटले. त्यामागे नाथ संप्रदायाची परंपरा होती. इडा आणि पिंगला या दोन नाड्यांच्या मधून, मेरुदंडातील सुषुम्नेच्या वाटेने, शक्ती वर चढते ही त्या शास्त्राची मध्यवर्ती कल्पना होय.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. योगी पाठ सरळ ठेवतो ती कोणाला तोंड देण्यासाठी नव्हे. त्याच्यासमोर प्रतिपक्षी नाही. मेरुदंड हा मार्ग आहे; त्याचे सरळ असणे हे वाट मोकळी असण्याचे लक्षण आहे. बाणेदारपणा या अर्थाने आज जो 'ताठ कणा' म्हटला जातो त्याचा उगम या परंपरेत शोधण्याचा मोह होतो, परंतु दोहोंचे प्रयोजन भिन्न आहे. योगपरंपरेने कण्याला पावित्र्य दिले. शौर्याचा अर्थ तिने दिला नाही.

३. पाठ दाखवणे आणि पाठ राखणे

शौर्याचा विचार मराठीने 'पाठ' या शब्दातून केला, आणि तो प्रथम निषेधाच्या रूपाने केला. रणात 'पाठ दाखवणे' म्हणजे पळून जाणे. या कल्पनेत पाठ हा शरीराचा असा भाग आहे जो शत्रूला दिसता कामा नये. शूराचे शौर्य त्याच्या छातीत असते. पाठ ही केवळ त्याच्या शौर्याची कसोटी असते. म्हणूनच छातीवरची जखम भूषण आणि पाठीवरची जखम लांच्छन मानली गेली. 'छाती असणे', 'छाती न होणे', 'काळीज घट्ट करणे', 'जिगर' आणि 'हिंमत' हे धैर्यवाचक प्रयोग पाहिले तर त्यांत हाडाला स्थान नाही. धैर्य छातीत, काळजात, फार तर यकृतात राहते. 'जिगर' हा फारसी शब्द मुळात यकृताचाच वाचक आहे.

परंतु 'पाठ दाखवणे' याच्या जोडीला 'पाठ राखणे' हा दुसरा प्रयोग उभा आहे, आणि तो अधिक खोल आहे. माणसाला स्वतःची पाठ दिसत नाही. ती दुसऱ्याने राखावी लागते. या प्रयोगाचे इतिहासातील सर्वांत बोलके उदाहरण आजच्या कोल्हापूर जिल्ह्याच्याच भूमीवर घडले. १६६० मध्ये सिद्दी जौहरने पन्हाळगडाला वेढा घातला होता. त्या वर्षीच्या जुलै महिन्यात, ऐन पावसाळ्यात, शिवाजी महाराज रात्री वेढ्यातून निसटून विशाळगडाकडे निघाले. पाठलाग करणाऱ्या फौजेला घोडखिंडीच्या अरुंद वाटेत थोपवून धरण्याचे काम बाजीप्रभू देशपांडे यांनी मूठभर मावळ्यांसह केले आणि तेथेच देह ठेवला. पुढे ही जागा पावनखिंड या नावाने ओळखली जाऊ लागली.

या प्रसंगाची रचना भाषेच्या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. महाराजांची पाठ शत्रूकडे होती, आणि तरीही त्याला 'पाठ दाखवणे' कोणी म्हणत नाही. याचे कारण त्या पाठीमागे दुसऱ्या माणसांच्या छात्या उभ्या होत्या. एकाने पुढे जावे म्हणून दुसऱ्याने मागे थांबावे, हा 'पाठराखण' या शब्दाचा शब्दशः अर्थ खिंडीत सिद्ध झाला. जुन्या मराठीच्या दृष्टीने धैर्य हा एकट्या शरीराचा गुण नव्हता. तो दोन माणसांमधील करार होता.

४. 'ताठ' आणि 'ताठा'

आधुनिक 'ताठ कणा' या प्रयोगातील 'ताठ' या विशेषणाचाही येथे विचार करणे प्राप्त आहे. मराठीत 'ताठ मानेने जगणे' हे भूषण आहे. पण त्याच विशेषणापासून झालेले 'ताठा' हे नाम निरपवादपणे दोषवाचक आहे. 'त्याला फार ताठा आहे' हे वाक्य कोणीही प्रशंसा म्हणून उच्चारीत नाही. एकाच मुळापासून विशेषण एका बाजूस आणि नाम दुसऱ्या बाजूस जावे, हे अर्थविकासाचे लक्षणीय उदाहरण होय. त्यातून मराठी मनाची एक जुनी साशंकता व्यक्त होते: सरळ उभे राहणे आणि न वाकणे यांत अंतर आहे, आणि ते अंतर सूक्ष्म आहे.

या साशंकतेला संतपरंपरेने मोठे बळ दिले. वारकरी दुसऱ्या वारकऱ्याच्या पाया पडतो आणि तोही उलट याच्या पाया पडतो. येथे पाठ वाकवण्यात कमीपणा नाही, कारण वाकणे परस्परांचे आहे. 'दंडवत' हा शब्द तर विलक्षण आहे. दंडासारखे, म्हणजे काठीसारखे, सरळ भूमीवर पडणे असा त्याचा अर्थ. उभा असताना ताठ दिसणारा देह आडवा झाला की तोच नम्रतेचे चिन्ह ठरतो. महापुरात ताठ उभी झाडे वाहून जातात आणि वाकणारी लव्हाळी टिकून राहतात, हा तुकारामांचा दृष्टान्त महाराष्ट्रात सर्वमुखी आहे. अष्टावक्राच्या कथेत आठ ठिकाणी वाकडा असलेला देह ज्ञानाचे अधिष्ठान होतो, आणि त्या देहाला हसणारी सभा लज्जित होते. देहाच्या सरळपणावरून माणसाच्या योग्यतेचे माप काढू नये, हा इशारा या कथेने फार पूर्वीच देऊन ठेवला होता.

दरबारी मुजऱ्याची गोष्ट वेगळी. तेथे एकच बाजू वाकते. संतांनी गौरविलेले वाकणे आणि सत्तेने सक्तीने घडवलेले वाकणे यांतील हा भेद पुढील विवेचनात उपयोगी पडेल.

५. माती आणि पाठ

विसाव्या शतकात पाठीला सर्वांत स्पष्ट सार्वजनिक अर्थ मिळाला तो कोल्हापूरच्या तालमींत. राजर्षी शाहू छत्रपती यांनी १८९४ मध्ये राज्यकारभाराची सूत्रे हाती घेतली आणि १९२२ मधील निधनापर्यंत मल्लविद्येला उदार आश्रय दिला. १९०२ च्या युरोपच्या प्रवासात रोम येथील प्राचीन रंगभूमी त्यांच्या पाहण्यात आली, आणि तशा धर्तीचे कुस्तीचे मैदान आपल्या राजधानीत असावे या कल्पनेतून खासबाग मैदान उभे राहिले. ते १९१२ मध्ये पूर्ण झाले. मध्ये खाली हौदा आणि सभोवार चढत जाणारी बैठक अशी त्याची रचना असल्याने प्रत्येक प्रेक्षकाची दृष्टी एकाच ठिकाणी खिळते: मल्लाची पाठ मातीला लागली की नाही.

मातीतील कुस्तीचा नियम अत्यंत साधा आहे. प्रतिस्पर्ध्याची पाठ जमिनीला लावली की कुस्ती निकाली झाली. त्यात गुणांची बेरीज नाही. 'चीत होणे' म्हणजे उताणे पडणे आणि 'पट' म्हणजे पालथे. या दोन शब्दांच्या जोडीतून 'चितपट' झाला. 'आस्मान दाखवणे' या प्रयोगातही हेच चित्र आहे, कारण पाठ भुईला लागलेल्या माणसालाच आकाश दिसते. पालथा पडलेला मल्ल हरलेला नसतो. तो मातीत तोंड खुपसून, प्रतिस्पर्ध्याचे सारे वजन अंगावर घेऊन, पाठ मात्र वर ठेवून घटका घटका झुंजू शकतो. मान आणि पाय यांवर देह तोलून पाठ कमानीसारखी उचलून धरणे ही तर बचावाची पराकाष्ठा होय. म्हणजे आखाड्यातील धैर्याचे चित्र ताठ उभ्या माणसाचे नाही. ते वाकलेल्या, दबलेल्या, पण भुईला न टेकलेल्या पाठीचे आहे. ज्याच्या पाठीला कधी माती लागली नाही असा मल्ल, हे वर्णन त्यामुळे कोल्हापुरात सर्वोच्च मानाचे ठरले.

या परंपरेचा बाह्य जगाशी संबंध आला तेव्हा पाठीचा नियमही बदलला. सातारा जिल्ह्यातील गोळेश्वर येथील खाशाबा जाधव हे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मातीवर तयार झालेल्या या मल्लाला गादीवरील कुस्ती खेळावी लागली. तेथे खांदे टेकवून विजय मिळतो हे खरे, पण पाठ न टेकताही गुणांवर हार होऊ शकते. त्या स्पर्धेत ते सहावे आले. १९५२ मध्ये हेलसिंकी येथे त्यांनी कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. या प्रवासाच्या खर्चासाठी लोकांनी वर्गणी दिली आणि प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून पैसा उभा केला, ही हकीकत प्रसिद्ध आहे. पाठीला माती न लागू देणाऱ्या मल्लाच्या पाठीशीही कोणीतरी उभे होते, हे तिच्यातून दिसते. पुढे १९५९ मध्ये कोल्हापूरच्या तालमीत घडलेले श्रीपती खंचनाळे हे पहिले हिंदकेसरी झाले, आणि मातीतील पाठीची प्रतिष्ठा आणखी दृढ झाली.

६. भुईला न लागलेली पाठ

आखाड्यातील 'पाठ न टेकणे' हा गौरव होय. पण याच शब्दांचा दुसरा एक संसार आहे, आणि तो आखाड्यापासून दूर नाही. 'जरा पाठ टेकतो' असे शेतकरी दुपारी म्हणतो तेव्हा त्याला हार अभिप्रेत नसते. विसावा अभिप्रेत असतो. 'दिवसभर भुईला पाठ लागली नाही' असे घरातली बाई म्हणते, तेव्हा ती विजय सांगत नसते. शीण सांगत असते. एकच शब्दसंहती पुरुषांच्या मैदानात कीर्तीची आणि स्त्रियांच्या स्वयंपाकघरात कष्टाची वाचक व्हावी, याहून अधिक बोलके सामाजिक साक्ष्य भाषेत क्वचितच सापडेल. मैदानातील न टेकलेल्या पाठीला फेटा आणि गदा मिळते. घरातील न टेकलेल्या पाठीची नोंद होत नाही.

या दुसऱ्या पाठीची वेदना भाषेने मात्र बारकाईने नोंदविली आहे. पाठीत 'उसण भरते', कमरेत 'चमक निघते', 'लचक भरते', 'कळ येते', हाड 'ठणकते'. प्रत्येक शब्दाला स्वतःचे क्रियापद आहे आणि त्यांची अदलाबदल सहसा होत नाही. उसण ही अकस्मात येते आणि श्वास अडकवते. ठणका संथ आणि दीर्घ असतो. उसणीवर पायाळू माणसाचा, म्हणजे जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले अशा व्यक्तीचा, पाय पाठीला लावून घेण्याची समजूत महाराष्ट्रात सर्वत्र होती. आयुर्वेदाने कमरेपासून पायात उतरणाऱ्या वेदनेला 'गृध्रसी' म्हटले. रोग्याची चाल गिधाडासारखी होते असे निरीक्षण त्यामागे आहे. लोकबोली आणि शास्त्र या दोहोंनी पाठीच्या दुखण्याला नावे दिली, उपाय सुचविले. परंतु या दुखण्याला धैर्य असे मात्र कोणी म्हटले नाही.

कोल्हापूरच्या परिसरातील शेतीची कामे पाहिली म्हणजे या वेदनेचे कारण शोधावे लागत नाही. पश्चिमेकडील पन्हाळा, शाहूवाडी, गगनबावडा या तालुक्यांत भाताची रोपलावण गुडघाभर चिखलात वाकून केली जाते. भांगलण तासन्‌तास बसून पुढे सरकत करावी लागते. उसाच्या हंगामात मराठवाड्यातून येणारी तोडकरी जोडपी दिवसभर वाकून कोयता चालवितात आणि नंतर मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून वाहनात चढवितात. मोळीचा भार डोक्यावर दिसतो, पण तो सहन करतो कणा. या कामांतील मोठा वाटा स्त्रियांचा आहे. गूळ आणि साखर यांच्या ज्या वैभवाला या जिल्ह्याच्या अर्थव्यवस्थेचा 'कणा' म्हटले जाते, ते वैभव अशा रीतीने प्रत्यक्ष कण्यांवरच उभे आहे; आणि या अर्थी तो अलंकार अलंकार राहत नाही.

वाकलेल्या पाठीचा प्रश्न राजकीय होता याची जाण शाहू छत्रपतींना होती. मल्लांना आश्रय देणाऱ्या याच राजाने आपल्या कारकिर्दीच्या उत्तरार्धात वेठबिगार बंद करण्याचे हुकूम काढले, आणि १९१८ मध्ये महार वतनाची जाचक पद्धती मोडण्यासाठी कायदा केला. वेठ म्हणजे मोबदल्यावाचून, अधिकाऱ्याने सांगताच, दुसऱ्याचे ओझे वाहणे. मागे ज्याचा उल्लेख आला ते सक्तीचे, एकाच बाजूचे वाकणे ते हेच. खासबाग मैदान आणि वेठबंदीचे हुकूम या एकाच कारकिर्दीतील दोन गोष्टी होत; पहिलीची आठवण उत्सवाने होते, दुसरीची कमी होते. तथापि पाठीच्या इतिहासात दुसरीचे स्थान अधिक वरचे आहे. पहिलीने निवडक पाठींना कीर्ती दिली. दुसरीने असंख्य पाठींवरील ओझे उतरविण्याचा प्रयत्न केला.

७. 'कणा' या शब्दाचा आधुनिक उदय

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. धैर्य छातीत होते, पाठ दुसऱ्याने राखावयाची होती, आणि ताठपणाविषयी साशंकता होती. मग 'ताठ कणा' आला कोठून? कण्याविषयीचे बोलभाषेतील प्रयोग पाहिले तर ते मुख्यतः मोडण्याविषयीचे आहेत. 'कणा मोडणे' म्हणजे सामर्थ्य नष्ट होणे. दुष्काळ, कर्ज किंवा कर्त्या मुलाचा मृत्यू यांनी कणा मोडतो. येथे कणा हा आधार आहे, बाणा नव्हे. या उलट 'त्याला कणा आहे' किंवा 'कणा नाही' हा प्रयोग एक नैतिक गुण असल्यानसल्याचे सांगतो, आणि त्याचे वळण आधुनिक गद्याचे आहे. इंग्रजीत पाठीच्या हाडाचा वाचक शब्द निश्चयी स्वभाव या अर्थाने एकोणिसाव्या शतकात रूढ झाला. इंग्रजी शिक्षण घेतलेल्या पिढ्यांच्या लेखणीतून आणि वृत्तपत्रांतून तो अर्थ मराठी शब्दावर आरूढ झाला असावा, असे मानणे सयुक्तिक ठरते. 'अर्थव्यवस्थेचा कणा', 'संघटनेचा कणा' हे प्रयोगही त्याच मार्गाने आलेले दिसतात.

ही उसनवारी मराठीत परकी वाटली नाही याची कारणे भाषेतच आहेत. एक म्हणजे तिच्यासाठी वाक्याचा साचा तयार होता. 'छाती असेल तर पुढे ये' या वाक्यात 'छाती'च्या जागी 'कणा' सहज बसला. दुसरे म्हणजे अशी उसनवारी मराठीने पूर्वीही केलेली होती. 'कंबर' हा शब्द फारसी 'कमर'पासून आला, आणि 'कंबर कसणे' हा प्रयोगही फारसीतील तशाच प्रयोगाच्या वळणावर आहे. आज तो अस्सल मराठी वाटतो. मूळच्या 'कटि' शब्दाचा अवशेष 'कडेवर' घेतलेल्या मुलापुरता उरला. तिसरे कारण म्हणजे जातिव्यवस्थेविरुद्धच्या आणि स्वातंत्र्याच्या चळवळींनी वाकणे नाकारणे हे मूल्य म्हणून पुढे आणले होते. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या वाकावे लागले त्यांच्या दृष्टीने सरळ उभे राहणे हा ताठा नव्हता. तो हक्क होता. 'ताठ' या विशेषणाला असलेली जुनी साशंकता या नव्या संदर्भात गळून पडली.

या शब्दाला घराघरांत पोचविण्याचे श्रेय मात्र एका कवितेकडे जाते. कुसुमाग्रज, म्हणजे वि. वा. शिरवाडकर (१९१२-१९९९), यांची 'कणा' ही कविता अनेक मराठी वाचकांना मुखोद्गत आहे. पुराने घर उद्ध्वस्त झालेला एक माजी विद्यार्थी आपल्या शिक्षकांना भेटावयास येतो. तो पैसा नाकारतो आणि केवळ आधाराचा स्पर्श मागतो, असा तिचा आशय. या कवितेची लोकप्रियता साधारणतः तिच्यातील न मोडलेल्या कण्याला दिली जाते. परंतु भाषेच्या इतिहासाच्या दृष्टीने तिचे महत्त्व वेगळ्या ठिकाणी आहे. तिने नवा 'कणा' आणि जुनी 'पाठ' यांची गाठ घालून दिली. कणा शाबूत आहे हे सांगावयास आलेला माणूसच पाठीवर हात मागतो. पाठराखणीची जुनी कल्पना आणि बाण्याची नवी कल्पना एका प्रसंगात एकत्र येतात. तुकारामांच्या दृष्टान्तात पुरात वाकणारे तरते, या कवितेत पुरानंतर न मोडणारे उभे राहते. या दोहोंमध्ये विरोध वाटतो तो याच गाठीने सुटतो. पंचगंगेच्या २००५, २०१९ आणि २०२१ मधील महापुरांचा अनुभव घेतलेल्या कोल्हापूरकरांना ही गोष्ट समजावून सांगण्याची गरज नाही. त्या दिवसांत निश्चय हवाच होता, पण होडी घेऊन येणारे, जेवण पोचविणारे आणि गाळ उपसावयास येणारे हातही हवे होते.

८. समारोप

शरीरशास्त्र या बाबतीत भाषेला दुजोरा देते. मनुष्याचा कणा मुळात सरळ नाही. मान, पाठ आणि कंबर या ठिकाणी त्याला बाक आहेत, आणि त्या बाकांमुळेच तो भार पेलू शकतो. मणक्यांच्या मध्ये असलेल्या लवचीक चकत्या धक्का सोसतात. सभोवतालच्या स्नायूंचा आधार काढून घेतला तर नुसता कणा अल्पशा भारानेही वाकतो. तो उभा राहतो तो दोन्ही बाजूंच्या स्नायूंनी सतत ओढून धरल्यामुळे. म्हणजे ज्याला एकट्याच्या निश्चयाचे प्रतीक मानले गेले, ते हाडच दुसऱ्यांच्या आधारावर उभे आहे.

वरील विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. मराठीत धैर्याचे प्रतीक म्हणून कण्याचा उदय आधुनिक काळातील असून त्यापूर्वी पाठ ही परस्परांच्या राखणीचे चिन्ह होती. नव्या प्रतीकाने वाकावयास लावल्या गेलेल्यांना आत्मसन्मानाची भाषा दिली, हे त्याचे मोठे कार्य होय. तथापि तेच प्रतीक वापरताना एक धोकाही संभवतो: ताठ पाठीलाच शौर्य म्हटले की कामाने वाकलेली पाठ भित्री ठरते. रोपलावणीच्या चिखलात वाकलेल्या स्त्रीला 'ताठ कणा' हे विशेषण कोणी लावीत नाही. शब्दाचा इतिहास अभ्यासणाऱ्याने ही उणीव नोंदविली पाहिजे. पाठ टेकणे या एकाच प्रयोगात पराभव आणि विसावा असे दोन अर्थ मराठीने शेजारी शेजारी ठेवले आहेत. त्यांपैकी पहिल्याचा अभ्यास मल्लविद्येच्या इतिहासाने पुष्कळ केला आहे. दुसऱ्याचा इतिहास, म्हणजे कोणाला पाठ टेकावयास मिळाली आणि कोणाला नाही याचा इतिहास, लिहिला जाणे अद्याप बाकी आहे. आणि त्याची साधने दप्तरांपेक्षा बोलींत अधिक विपुल आहेत.